आधी निवटीची उडी, मग फिल्मची गोष्ट

प्रश्न थोडक्यात असा. दापोलीच्या चार मुलामुलींनी मिळून आठ मिनिटांची एक ॲनिमेशन फिल्म केली. दाभोळ खाडीतली एक निवटी, म्हणजे चिखलावर सरपटणारा नि उड्या मारणारा छोटा मासा, ओहोटीला चरत चरत बिळापासून लांब जाते आणि भरती चढायच्या आत परत येते, एवढीच गोष्ट. फिल्म बघणाऱ्या सगळ्यांना आवडली. मग त्यांनी तिच्यावरून गेम बॉय ॲडव्हान्स या निन्टेंडोच्या हातात धरायच्या जुन्या यंत्रासाठी प्लॅटफॉर्म गेम, म्हणजे उड्या मारत पुढे जायचा गेम केला, कारण एकाकडे मामाचं जुनं यंत्र आहे आणि बाकीच्यांना फोनवर इम्युलेटरमध्ये, म्हणजे त्या यंत्राची नक्कल करणाऱ्या ॲपमध्ये, खेळता येतं. फिल्ममधले सहा प्रसंग, त्यांच्या सहा लेव्हल, तीन महिन्यांचं काम. खेळायला दिलं की मुलं दुसऱ्या लेव्हलनंतर यंत्र परत देतात. ते विचारतात, "चित्रं तीच, गोष्ट तीच, मग गेम कंटाळवाणा का होतो? मध्ये मध्ये गोष्टीचे आणखी तुकडे घालावेत का?"

फिल्म दोनदा बघितली. गेम यंत्रात घालून शेवटपर्यंत खेळले. मुंबईत सोळा वर्षं मी हेच काम केलं, म्हणजे चित्रपटांवरून हातातल्या यंत्रांसाठी आणि बटणांच्या फोनसाठी गेम करायचं. आता गुहागरला असते, म्हणजे तुमच्याच खाडीच्या या बाजूला. त्यामुळे निवटी माझ्याही रोजच्या बघण्यातली आहे.

गोष्टीचे तुकडे घालू नका. आहेत त्यातलेही बरेच काढा. तुमची चूक गोष्टीत नाही, चालीत आहे. फिल्ममध्ये निवटी सरपटते, थांबते, उसळते. गेममध्ये ती नुसती चालते.

फिल्मचं दुसरं मिनिट परत बघा. पुढचे दोन्ही पर ती एकाच वेळी पुढे टाकते, कुबड्या घेतलेला माणूस टाकतो तसे, आणि त्यांच्यावर भार देऊन अंग ओढते. मग क्षणभर थांबते. मग शेपूट एका बाजूला वळवते आणि तिच्या झटक्यानं उडते. हे ज्यानं किंवा जिनं काढलंय ती व्यक्ती तासन्‌तास चिखलाकाठी बसलेली आहे, हे मला पहिल्या फटक्यात कळलं. निवटी खरंच अशीच चालते. आता गेममध्ये उजवं बटण दाबा. ती एकाच वेगानं, बर्फावरून घसरल्यासारखी पुढे जाते. पर हलतात, पण त्यांचा आणि पुढे जाण्याचा काही संबंध नाही. उडीचं बटण दाबलं की रबरी चेंडूसारखी वर जाते आणि खाली येते. तुमची चित्रं काढून तिथे एखादा पोरगा ठेवला तरी गेममध्ये काहीच बदलणार नाही. खेळणाऱ्याला हे शब्दांत सांगता येत नाही, म्हणून तो यंत्र परत देतो.

चित्रपटावरून केलेल्या गेममध्ये प्रसंग सगळ्यात शेवटी येतात. आधी येतं ते पात्राचं अंग. ते कसं हलतं, कशानं दमतं, त्याला काय जमतं आणि काय जमत नाही. १९९३ साली डिस्नेच्या 'अलादीन'वरून दोन वेगळे गेम आले. सेगाच्या यंत्रावरचा व्हर्जिन या कंपनीनं केला होता आणि त्यासाठी डिस्नेच्या ॲनिमेटरांनी हातानं फ्रेम, म्हणजे हालचालीचं एकेक चित्र, काढल्या होत्या. सुपर निन्टेंडो या यंत्रावरचा कॅपकॉम या कंपनीनं केला. चित्रपट एकच, पण सेगावरचा अलादीन तलवार चालवतो आणि कॅपकॉमचा तलवारीला हातही लावत नाही. तो शत्रूच्या डोक्यावर उडी मारतो, दांड्याला धरून झोका घेतो, कापड पसरून हवेत तरंगतो. दोन्ही गेम आजही आवडीनं खेळले जातात, कारण दोन्हीकडे आधी अंग ठरलंय आणि मग त्या अंगाला साजेसा बाजार उभा केलाय. मला विचाराल तर कॅपकॉमचा जास्त जवळचा. बाजारातून पळणारं पोर त्यात बोटांना कळतं.

तर निवटीचं अंग ठरवू.

सरपटण्यापासून सुरुवात करा. सलग वेग काढून टाका. बटण दाबून ठेवलं की बारा फ्रेम पुढे ढकलणं, चार फ्रेम जवळजवळ थांबणं, परत बारा. बटण दाबल्याच्या त्याच फ्रेमला ती हललीच पाहिजे. थांबणं नेहमी ढकलण्याच्या मागून येऊ दे. क्रम उलटा झाला तर खेळणाऱ्याला वाटेल बटण खराब आहे.

उडीत तुमची सगळ्यात मोठी अडचण आहे, आणि ती फिल्म चांगली असल्यामुळेच आली आहे. फिल्ममध्ये उडीआधी शेपूट वळायला तुम्ही आठ फ्रेम दिल्यात. सेकंदाला चोवीसच्या हिशेबानं तो सेकंदाचा तिसरा भाग झाला. पडद्यावर ते सुंदर दिसतं. बघणाऱ्याला ती आता उडणार हे आधी कळतं आणि उडीला वजन येतं. तेच तुम्ही गेममध्ये जसंच्या तसं आणलंत. बटण दाबायचं आणि तिसरा भाग सेकंद वाट बघायची. तोवर बगळा चोच मारून मोकळा होतो. फिल्ममध्ये बघणारा वाट बघत असतो, गेममध्ये खेळणारा आधीच निघालेला असतो. म्हणून शेपटीचं वळण उडीच्या आधीचं काढा. ती उभी असतानाच तिची शेपूट अर्धी वळलेली काढा, सतत थोडी थरथरती. बटण दाबलं की पहिल्याच फ्रेमला वर. शेपूट सरळ होते ती हवेत. आणि जे वजन गमावलं ते खाली पडताना परत घ्या. चिखलावर आपटल्यावर पाच-सहा फ्रेम अंग चपटं, दोन शिंतोडे, डोळे क्षणभर आत. तिथे वेळ घेतला तर कुणी तक्रार करत नाही, फक्त त्या फ्रेममध्येही पुढची उडी मारता आली पाहिजे.

आकडे हवे असतील तर माझ्या वहीतले देते. यंत्र सेकंदाला साधारण साठ फ्रेम दाखवतं. उडीची उंची ४० पिक्सेल आणि वर जायला १८ फ्रेम असं धरा. उंचीची दुप्पट भागिले फ्रेम, म्हणजे सुरुवातीचा वेग ४.४४. त्याला परत अठरानं भागा, गुरुत्व ०.२४७ येतं. या यंत्राच्या प्रोसेसरमध्ये अपूर्णांकांचं गणित करणारा वेगळा भाग नाही. तुमच्या कोडमध्ये सगळीकडे दशांश आकडे आहेत, म्हणून शत्रू वाढले की गेम अडखळतो. सगळं २५६ नं गुणून पूर्णांकांत ठेवा. वेग ११३८, गुरुत्व ६३, आणि चित्र ठेवायच्या क्षणी फक्त आठ बिट उजवीकडे सरकवा, म्हणजे परत २५६ नं भागलं जातं. आडवा वेग फ्रेमला २ पिक्सेल धरला तर पूर्ण उडी ७२ पिक्सेलची होते. म्हणजे कांदळाच्या दोन मुळांमधलं सोपं अंतर ४८, अवघड ६४. हे एकदा ठरलं की लेव्हल काढणं म्हणजे अंदाज राहत नाही. बटण लवकर सोडलं तर उरलेला वरचा वेग निम्मा करा, म्हणजे छोटी उडीही त्याच बटणात मिळते.

मुळावरून पाय सुटल्यावरही पाच-सहा फ्रेम उडी मारू द्या. आणि जमिनीला लागायच्या पाच-सहा फ्रेम आधी बटण दाबलं असेल तर ते लक्षात ठेवून लागताच उडवा. दोन्ही मिळून दहा ओळींचं काम आहे. खेळणाऱ्याला ते कधीच दिसणार नाही, पण "मी दाबलं होतं!" ही ओरड बंद होईल.

दुसऱ्या लेव्हलमध्ये बगळे तिप्पट केलेत, ते गेम लवकर संपू नये म्हणून, असं तुम्ही लिहिलंय. असं करू नका. १९९४ च्या 'द लायन किंग' गेमची दुसरी लेव्हल ज्यांनी लहानपणी खेळली त्यांना ती अजून आठवते. माकडं, जिराफ आणि हात टेकणं. तो करणाऱ्या वेस्टवुड स्टुडिओजच्या लुइस कॅसल यांनी पुढे सांगितलं की भाड्यानं कॅसेट नेणाऱ्यांनी गेम लगेच संपवू नये म्हणून तो मुद्दाम अवघड करायला लावला होता. तुमच्याकडे भाड्याची दुकानं नाहीत आणि कुणाचा दबावही नाही. त्याच गेममधून घेण्यासारखं दुसरंच आहे. सिम्बा आधी छावा असतो, उड्या मारतो, लोळतो, बारीक आवाजात डरकाळी फोडतो. मोठा झाल्यावर पंजे चालवतो. गोष्ट पुढे सरकली हे अंग बदलून कळतं, सांगावं लागत नाही.

निवटीलाही दोन अंगं आहेत. एक चिखलावरचं, एक पाण्यातलं. आणि दोन्हींच्या मध्ये भरती आहे. फिल्ममध्ये तुम्ही भरती फक्त शेवटी आणलीत, तिथे ते बरोबर आहे. गेममध्ये ती पहिल्या सेकंदापासून चढत राहू दे. सहा लेव्हल टाकून द्या. एकच नकाशा करा, पण तीनदा वापरता येईल असा. ओहोटीला तळाचा चिखल ही वाट. पाणी थोडं चढलं की कांदळाची वाकडी आधारमुळं ही वाट. पूर्ण भरतीला फक्त वरच्या फांद्या आणि मधलं पाणी. नकाशा बदलत नाही, चित्रं बदलत नाहीत, पण खाडी तीनदा नवी होते. यंत्राच्या साध्या टाइलच्या (छोट्या चौकोनी तुकड्यांच्या) मोडमध्ये चार पार्श्वभूमीचे थर मिळतात. त्यातला एक पाण्याला द्या, अर्धपारदर्शक करा आणि दर काही फ्रेमला एक पिक्सेल वर सरकवत न्या. बाकी सगळं जागच्या जागी.

पाण्यानं निवटी मरत नाही हे फिल्ममध्ये तुम्ही नीट सांगितलंय, पण गेममध्ये पाण्याला लागली की मरते. हे आधी दुरुस्त करा. खाडीकाठच्या कुठल्याही पोराला ते पटणार नाही. पाण्यात तिला बगळ्याची आणि खंड्याची भीती कमी, पण पाण्याबरोबर जिताडा, म्हणजे मोठा शिकारी मासा, आत येतो. चिखलावर जिताडा नाही, पण वर उघडं आभाळ आहे. खेळणाऱ्यानं सतत यातलं एक निवडायचं. शिवाय ती अंगाच्या ओल्या कातडीतून श्वास घेते आणि कल्ल्यांच्या पोकळीत पाणी धरून ठेवते. फार वेळ कोरडी राहू शकत नाही. तुम्ही कोपऱ्यात हृदयांची पट्टी ठेवलीय. ती काढा. निवटी डोळे ओले करायला ते खोबणीत ओढून घेते. तुमच्या फिल्ममध्ये तो क्षण आहे आणि तिथे आमच्या घरातली मुलं खुदकन हसली. तेच मोजमाप करा. ओली असेल तर चार सेकंदांनी एकदा डोळे मिटते. कोरडी पडत चालली की दोन सेकंदांनी, मग एका सेकंदानं, मग सरपटण्याचे बारा फ्रेम आठवर येतात. डबक्यात लोळली की परत ताजी. खेळणारा आकडा बघणार नाही, तिच्या तोंडाकडे बघेल. आठ मिनिटांच्या फिल्ममध्ये तुम्ही जो जीव लावलात तो इथे अशा वाटेनं आत येतो.

अवघड-सोपं निवडायला वेगळा मेनू ठेवू नका, तिथी ठेवा. अष्टमीचा भांग, म्हणजे लहान भरती, घेतला तर पाणी हळू आणि कमी चढेल. अमावास्येचं उधाण घेतलं तर झपाट्यानं आणि वरच्या फांदीपर्यंत. किनाऱ्यावरच्या मुलांना सांगावं लागणार नाही, आणि पुण्याच्या मुलांना एकदा बुडाल्यावर कळेल.

एक भरती चार मिनिटांची करा. हातातलं यंत्र माणूस वाट बघताना काढतो. दाभोळहून धोपाव्याला फेरीबोट निघाली की पलीकडे लागेपर्यंत एक डाव पूर्ण व्हावा, हे माप धरा. खेळ जतन (सेव्ह) होतो तो बिळात, दुसरीकडे कुठेच नाही.

आता पडद्याबद्दल. हा पडदा २४० बाय १६० पिक्सेलचा आहे. तुमची निवटी ६४ पिक्सेल लांब आहे, कारण फिल्ममधला जवळून घेतलेला चेहरा तुम्हाला जपायचा होता. म्हणजे अख्ख्या पडद्यात पावणेचार निवट्या मावतात. पुढचं मूळ दिसायच्या आधी उडी मारावी लागते, आणि दुसऱ्या लेव्हलमध्ये जे मरणं आहे त्यातलं निम्मं यानंच आहे. १९९९ मध्ये 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा जुना गेम गेम बॉय कलरवर आला तेव्हा हीच पंचाईत होती. मूळ चित्र २५६ बाय २४० चं, आणि गेम बॉय कलरचा पडदा १६० बाय १४४ चा. चित्रं तेवढीच ठेवली, म्हणून दिसणारं जग आक्रसलं आणि वर-खाली बघायची वेगळी सोय द्यावी लागली. तुम्ही ३२ बाय १६ चा स्प्राइट (पात्राचं हलतं चित्र) घ्या. यंत्राला तो आकार थेट चालतो आणि निवटी तशीही आडवीच असते. डोळे मात्र मापात ठेवू नका. अंगाच्या मानानं मोठे, डोक्याच्या वर, प्रत्येकी तीन पिक्सेल. चेहरा जपायचा असेल तर तो एवढ्यात जपला जातो. कॅमेरा ती ज्या दिशेला बघते त्या बाजूला चाळीसेक पिक्सेल पुढे सरकू द्या, पण सावकाश. तिनं दर वेळी मान वळवली की झटका बसेल असा नको.

रंगांचं तुम्ही फोनवर बघून ठरवलंय, म्हणून चुकलंय. पहिल्या गेम बॉय ॲडव्हान्सच्या पडद्याला स्वतःचा प्रकाश नाही. तो २००३ च्या एसपी मॉडेलपासून आला. मामाचं यंत्र पहिल्यातलं आहे. पडवीत बसून खेळले तर तपकिरी चिखलावरची तपकिरी निवटी मला दिसेनाशी झाली. रंगांची कमतरता नाही, बत्तीस हजारांवर रंगांतून निवडता येतात, पण एका स्प्राइटच्या सोळांच्या गटातला एक पारदर्शक जातो, उरतात पंधरा. चिखल फिकट करा. ओहोटीला खाडीचा ओला चिखल खरं तर तपकिरी दिसतच नाही, त्यात आभाळ उतरलेलं असतं. राखाडी-निळा घ्या. निवटीच्या पाठीवर वरून एक पिक्सेलची उजळ रेघ द्या. मग फोनवर ते थोडं भडक वाटेल, ते चालेल.

आवाजाचं तुमचं काम उत्तम आहे, त्याला हात लावू नका. ते चिखलातलं 'फट्' तर अजिबात बदलू नका.

फिल्ममधल्या प्रसंगांचं काय, हे विचाराल. बिळातून पहिल्यांदा बाहेर डोकावण्याचा क्षण ठेवा, वीस सेकंदांचा, बटण दाबलं की तुटणारा. निवट्या धरायला आलेल्या माणसाचा हात चिखलात खुपसला जातो, तो प्रसंग चित्र म्हणून नको, गेममधलाच धोका म्हणून ठेवा. चिखल आधी थरथरतो आणि मग हात येतो. बाकीचे चार प्रसंग फिल्ममध्येच राहू देत. ज्यांना गेम आवडेल ते फिल्म बघतील.

असं टाकून देताना जीव तुटतो हे मला माहीत आहे. आमच्याकडे चित्रपटाचं आणि गेमचं काम एकाच वेळी चालायचं. हातात पटकथा, पात्रांची चित्रं आणि अर्धवट रेखाटनं, आणि प्रदर्शनाची तारीख मात्र हलायची नाही. एका कामात नदी ओलांडायच्या प्रसंगावर आम्ही सगळ्यात मोठी लेव्हल केली. प्रदर्शनाला दीड महिना असताना तो प्रसंगच चित्रपटातून कापल्याचं आम्हाला कळलं. त्याआधी दोन महिने तो कापलेला होता, पण आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. लेव्हल काढायला वेळ नव्हता, तशीच गेली. नंतर खेळणाऱ्या मुलांच्या शेजारी बसले तेव्हा बघितलं की ती त्याच लेव्हलला परत परत जात होती. चित्रपटात नसलेल्या प्रसंगाला. तिथे दोरावरून झोके घ्यायचे होते, आणि तो झोका आम्ही नायकाच्या लांब हातांवरून बसवला होता. चित्रपटाशी नातं त्या हातांचं होतं, नदीचं नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक कामात मी पहिले पंधरा दिवस पार्श्वभूमीशिवाय, करड्या चौकोनांवर, फक्त पात्र हलवत काढले.

तुम्हीही तेच करा. फिल्म बाजूला ठेवून एक रिकामा नकाशा घ्या. तळाला चिखल, वर पाच मुळं, एक डबकं, चढतं पाणी. बगळा नको, जिताडा नको, बीळही नको. त्यात एखाद्या लहान मुलाला सोडा आणि काही सांगू नका. त्यानं पाच मिनिटं नुसत्या उड्या मारत घालवली तर पुढचं काम सुरू करा. नाही घालवली तर आकडे बदला आणि परत द्या. माझे आकडे मी डोळ्यांनी निवटी बघून धरलेत, तुमच्या हाताला वेगळे जमतील.

आणि मुळाच्या खालून उडी मारली की ती कोपऱ्यात अडकून थरथरते, त्याचं कारण तुम्ही आडवी आणि उभी टक्कर एकदमच तपासता. आधी फक्त आडवं सरकवा, टाइलला लागली तर मागे घ्या. मग फक्त उभं सरकवा, परत तपासा. डोकं टाइलच्या कडेला तीन-चार पिक्सेलच लागत असेल तर तिला बाजूला सरकवून वर जाऊ द्या. रिकाम्या नकाशाचं ते बिल्ड, म्हणजे खेळता येईल अशी प्रत, झालं की पाठवा.